पॅकर्स कोणाला घेणार? ड्राफ्टच्या अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च उजाडला की तेच प्रश्न येतात. नवे मित्र विचारतात, जुने वाद घालतात आणि मिलवॉकीतला माझा मावसभाऊ दोन्ही करतो. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, म्हणजे लांबट चेंडू आणि हेल्मेटवाल्या खेळाबद्दल. संघ एकच, ग्रीन बे पॅकर्स. एनएफएल या अमेरिकन लीगच्या बत्तीस संघांचा अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. मला एकाच घरातल्या सवयी ओळखण्यात जास्त रस आहे.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

नाही, आणि हा फरक कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. लिलावात खिशात पैसे असतील तर कोणीही कोणावरही बोली लावतो. ड्राफ्टमध्ये रांग असते. कॉलेजातून येणारे खेळाडू समोर असतात आणि संघ आपापल्या क्रमाने एकेक नाव उचलतात. आदल्या मोसमात जो सर्वांत वाईट खेळला तो रांगेत पहिला, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा शेवटचा, बत्तिसावा. अशा सात फेऱ्या होतात. २०२५ मध्ये एकूण २५७ खेळाडू निवडले गेले. पगाराची घासाघीसही फारशी उरलेली नाही. २०११ च्या करारानंतर नवख्या खेळाडूचा पगार जवळपास त्याच्या क्रमांकावरूनच ठरतो.

आपल्याकडे इंडियन सुपर लीगने सुरुवातीच्या काही वर्षांत भारतीय खेळाडूंसाठी ड्राफ्ट ठेवला होता. २०१७ चा मुंबईत झाला आणि जमशेदपूरने पहिलं नाव अनस एडथोडिकाचं घेतलं. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना कल्पना येईल.

ही पद्धत सुरू कोणी केली?

फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी. त्यांचा संघ सारखा हरायचा आणि चांगली पोरं श्रीमंत संघ पळवायचे. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. बेल यांनीच पहिलं नाव घेतलं, जे बर्वँगर. हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टमधली पहिलीच निवड फसली, हे अंदाज बांधणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

पॅकर्सच का?

एक तर त्यांचा मालक कोणी अब्जाधीश नाही. लाखभर वस्तीच्या गावातला हा संघ भागधारकांच्या मालकीचा आहे. भागधारक पाच लाखांहून जास्त आहेत, पण लाभांश मिळत नाही आणि शेअर बाजारात विकताही येत नाही. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला एवढं सांगितलं तर तो विचारेल, मग निदान साखर तरी मिळते का? तीही नाही. भिंतीवर लावायला प्रमाणपत्र मिळतं.

अंदाजासाठी याचा फायदा असा की मालकाची लहर हा घटकच नाहीसा होतो. रात्री अकरा वाजता फोन करून 'मला तोच पोरगा हवा' म्हणणारं तिथे कोणी नाही. निर्णय जनरल मॅनेजरचा असतो. २००५ ते २०१७ टेड थॉम्प्सन होते आणि २०१८ पासून ब्रायन गुटेकुन्स्ट आहेत. गुटेकुन्स्ट थॉम्प्सन यांच्याच हाताखाली तयार झाले. दोन दशकांत दोनच हात आणि एकच शाळा, त्यामुळे सवयी दिसतात.

संघाला ज्या जागेची गरज आहे तोच खेळाडू घेणार, मग अवघड काय आहे?

सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि सगळ्यांत जास्त लोक इथेच आपटतात. मीही आपटलोय.

२०२२ चं घ्या. पॅकर्सनी आपला सर्वोत्तम वाईड रिसीव्हर दाव्हान्टे ॲडम्स रेडर्सला दिला आणि बदल्यात पहिल्या व दुसऱ्या फेरीची एकेक निवड घेतली. पहिल्या फेरीत आता त्यांच्या हातात २२ आणि २८ असे दोन क्रमांक होते, आणि चेंडू झेलायला माणूस नव्हता. शाळकरी पोरानेही सांगितलं असतं की रिसीव्हर घेणार. मी सहा आठवडे तेच लिहीत होतो, फक्त नावं बदलत होतो. गुटेकुन्स्टनी २२ वर जॉर्जिया विद्यापीठाचा लाइनबॅकर क्वे वॉकर घेतला आणि २८ वर त्याच जॉर्जियाचा डेव्हॉन्टे वायट. दोघेही बचावफळीतले.

२०१९ मध्येही तेच. मार्चमध्ये त्यांनी झडारियस स्मिथ आणि प्रेस्टन स्मिथ हे दोन एज रशर घसघशीत पैसे मोजून आणले. एज रशर म्हणजे कडेने घुसून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पाडणारा. जागा भरली असं सगळ्यांनी मानलं. एप्रिलमध्ये बाराव्या क्रमांकावर कोण? रशान गॅरी, तिसरा एज रशर.

२०२० चं तर विचारूच नका. आदल्या मोसमात १३ सामने जिंकून, सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे संघ हरला होता. त्या वर्षी रिसीव्हरांचं पीकही जोरदार होतं. पॅकर्सनी दुसऱ्या संघाशी निवडींची अदलाबदल करून चार जागा वर सरकून, ३० वरून २६ वर येऊन, क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह घेतला. ॲरन रॉजर्स धडधाकट असताना. आणि सातही फेऱ्यांत रिसीव्हर एकही नाही.

मग ते गरज बघतच नाहीत?

बघतात, पण पुढच्या वर्षाची. ही एक गोष्ट पकडली की पॅकर्स बरेचसे उलगडतात. रॉजर्सने लव्हच्या निवडीनंतर लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि २०२३ मध्ये तो जेट्सकडे गेला तेव्हा लव्ह तयार होता. २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह खेळत असताना चोविसाव्या क्रमांकावर रॉजर्सला घेतलं होतं, तेही याच हिशेबाने. घरात धान्य असतानाच पेरणी करणारी ही माणसं आहेत.

म्हणून आज मैदानावर कोणाची जागा रिकामी आहे याची यादी मी करत नाही. पुढच्या आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्ये कोणाचा करार संपतो, कोण तिशीला टेकलाय, कोणाचा गुडघा कुरकुरतोय, याची करतो. खेळाडूंच्या करारांची मुदत सार्वजनिक असते, शोधायला दहा मिनिटं लागतात. कुठल्याही मॉक ड्राफ्टपेक्षा ही यादी जास्त बोलते.

मॉक ड्राफ्ट म्हणजे?

लुटुपुटूचा ड्राफ्ट. ज्याने त्याने आधीच आपल्या मनाने बत्तीस नावं बत्तीस संघांना वाटून टाकायची. टीव्हीवर हा धंदा मोठा केला मेल काइपर यांनी, ते १९८४ पासून ईएसपीएनवर आहेत. आता गल्लोगल्ली काइपर झालेत.

पॅकर्सच्या पक्क्या सवयी कोणत्या?

सर्वांत ठळक म्हणजे पहिली फेरी बचावाची. २०१२ ते २०२३ या काळात पहिल्या फेरीत त्यांनी तेरा खेळाडू घेतले. त्यातले बारा बचावफळीतले आणि तेरावा जॉर्डन लव्ह. २०१७ मध्ये तर ते पहिल्या फेरीतून बाहेर सरकले आणि ३३ व्या क्रमांकावर आले, तिथेही कॉर्नरबॅकच, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, घेतला.

रिसीव्हर दुसऱ्या फेरीत घ्यायचा हा दुसरा रिवाज. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, दाव्हान्टे ॲडम्स, क्रिश्चन वॉटसन, जेडन रीड हे सगळे दुसऱ्या फेरीतले. दुकान एकच आणि मालही खणखणीत. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, पहिल्या फेरीत १९९० नंतर घेतलेला नाही, टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि झेलणाराही, २००० नंतर नाही. कोणी मॉकमध्ये पॅकर्सच्या पहिल्या निवडीपुढे रनिंग बॅक लिहिला असेल तर त्याने या संघाकडे पाहिलेलंच नाही, असं मी धरून चालतो.

तिसरी सवय शरीराची. वय कमी, उंची-वजन भरपूर, धावण्या-उड्यांत अव्वल, आणि खेळ अजून कच्चा असला तरी चालेल. ल्युकस व्हॅन नेस आयोवा विद्यापीठात एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरांत नव्हता, तरी २०२३ मध्ये तेराव्या क्रमांकावर गेला. कॉर्नरबॅक पाच फूट दहा इंचांच्या खालचा ते सहसा घेत नाहीत.

आणि ऑफेन्सिव्ह लाइनसाठी, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या संरक्षक भिंतीसाठी, त्यांना कॉलेजातले लेफ्ट टॅकल, म्हणजे भिंतीच्या डाव्या टोकाचे, आवडतात. पोरगा पायांनी चपळ असला की त्याला नंतर कुठेही उभा करता येतो असा त्यांचा हिशेब. झॅक टॉम वेक फॉरेस्टला लेफ्ट टॅकल होता. चौथ्या फेरीत आला आणि पॅकर्सचा राइट टॅकल झाला. २०२४ चा पहिल्या फेरीतला जॉर्डन मॉर्गन हाही ॲरिझोनाचा लेफ्ट टॅकल.

पण २०२५ मध्ये तर पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला!

घेतला. २३ व्या क्रमांकावर, टेक्सासचा मॅथ्यू गोल्डन. २००२ मधल्या जॅव्हॉन वॉकरनंतर पहिल्यांदाच. त्यात ड्राफ्ट खुद्द ग्रीन बेमध्ये, पॅकर्सच्या स्टेडियमच्या, लॅम्बो फील्डच्या, अंगणात भरला होता, त्यामुळे गर्दीचा आवाज इथे माझ्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून शेजाऱ्यांपर्यंत गेला.

माझ्या कागदावर त्या रात्री बचावपटूचं नाव होतं. पण आता मागे वळून पाहिलं तर माझीच पुढच्या वर्षाची यादी मला ओरडून सांगत होती. वॉटसनचा गुडघा जानेवारीत गेला होता, आणि वॉटसन व रोमियो डब्स या दोघांच्याही पहिल्या कराराचं ते शेवटचं वर्ष होतं. शिवाय गोल्डन चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत धावलेला. 'पहिल्या फेरीत रिसीव्हर नाही' हा नियम नव्हताच, ती तेवीस वर्षांची आकडेवारी होती. आकडेवारीमागे कारण असतं, आणि मी कारण सोडून आकडा धरून बसलो. उगाच नाही आमची आजी म्हणायची, अंदाजपंचे दाहोदरसे.

कंबाइनमधल्या धावण्याला किती महत्त्व द्यायचं?

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला सगळे होतकरू खेळाडू गोळा होतात. त्यांची उंची, वजन, उडी, धाव, वैद्यकीय तपासणी, मुलाखती असं सगळं होतं. टीव्हीवर गाजते ती चाळीस यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला, विक्रम झाला, सिनसिनाटीने नवव्या क्रमांकावर घेतला आणि पुढे त्याच्या हातून फार काही झालं नाही. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ ची वेळ दिली, तरी तो २८ वर गेला.

पॅकर्सच्या बाबतीत मी हे आकडे चाळणीसारखे वापरतो. त्यांच्या मापात न बसणारे गाळायचे. उरलेल्यांतून निवडताना आकड्यांचा उपयोग कमी, वैद्यकीय अहवालाचा जास्त. तो आपल्याला मिळत नाही, आणि एखादा खेळाडू ड्राफ्टच्या रात्री अचानक खाली घसरतो तेव्हा पुष्कळदा कारण तिथेच असतं.

अमुक खेळाडूला ग्रीन बेला भेटीला बोलावलं अशी बातमी आली. पक्कं ना?

प्रत्येक संघाला तीस जणांना आपल्या ठिकाणी बोलावता येतं. कांदेपोह्यांचे तीस कार्यक्रम म्हणा. पोहे खाल्ले म्हणून लग्न ठरत नाही. कधी दुखापत पुन्हा तपासायची असते, कधी पोराच्या वागण्याबद्दल शंका असते, कधी नुसतीच इतरांची दिशाभूल. मी भेटींचा उपयोग उशिराच्या फेऱ्यांसाठी करतो. चौथ्या-पाचव्या फेरीच्या लायकीच्या पोराला मुद्दाम बोलावलं असेल तर त्यात काहीतरी आहे.

आतली खबर, सट्ट्याचे भाव, ट्विटरवरचे पत्रकार?

एप्रिल हा खोटं बोलण्याचा हंगाम आहे. २०२३ मध्ये इंटरनेटवर कोणा निनावी माणसाने लिहिलं की क्वार्टरबॅक विल लेव्हिस म्हणे पहिल्या क्रमांकावर जाणार, त्यानेच जवळच्यांना सांगितलंय. तेवढ्यावर सट्ट्याचे भाव पालटले. पहिला गेला ब्राइस यंग. लेव्हिस पहिल्या फेरीत बसलाच नाही, दुसऱ्या दिवशी ३३ वा गेला. २०२५ मध्ये क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सला कितीतरी जणांनी पहिल्या फेरीत धरलं होतं, तो पाचव्या फेरीत १४४ वा गेला. २०२४ मध्ये अटलांटाने मार्चमध्ये क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी तब्बल १८ कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला आणि पुढच्याच महिन्यात आठव्या क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक, मायकेल पेनिक्स, घेतला. ही खबर बाहेर आलीच नव्हती.

यातून मी एवढंच घेतो की ज्याला खरंच माहीत असतं तो बोलत नाही. पॅकर्सचं ऑफिस तर विशेषच घट्ट तोंडाचं.

ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या निवडींच्या अदलाबदलीचा, अंदाज बांधता येतो का?

कोणाशी हे सांगता येत नाही, पण किती किमतीला हे येतं. १९९० च्या सुमारास डॅलस काउबॉइजनी प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता केला, जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. पहिल्या क्रमांकाला ३०००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. आता संघांकडे नवे तक्ते आहेत, तरी मोजपट्टी म्हणून जुना अजून चालतो.

२०२२ मध्ये वॉटसनसाठी पॅकर्सनी ५३ आणि ५९ हे क्रमांक देऊन मिनेसोटाकडून ३४ वा घेतला. तक्त्याप्रमाणे दिले ३७० अधिक ३१०, म्हणजे ६८०, आणि मिळाले ५६०. वर मिनेसोटा त्यांच्याच गटातला, वर्षातून दोनदा समोर येणारा संघ. महागात पडलं, पण पोरगा मनात भरला की गुटेकुन्स्ट मागेपुढे पाहत नाहीत. २०१८ मध्ये ते आधी १४ वरून २७ वर खाली उतरले, न्यू ऑर्लिन्सकडून पुढच्या वर्षीची पहिली फेरी खिशात घातली, आणि त्याच रात्री पुन्हा १८ वर चढून जायर अलेक्झांडरला घेतलं. थॉम्प्सन बहुतेक वेळा खालीच सरकायचे. गुटेकुन्स्ट दोन्ही बाजूंनी खेळतात.

२०२६ साठी पहिल्या फेरीत कोणाचं नाव लिहू?

कोणाचंच नाही! ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी एज रशर मायका पार्सन्सला डॅलसकडून आणलं. बदल्यात बचावपटू केनी क्लार्क आणि २०२६ व २०२७ च्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या. तरीही लोक मला पहिल्या फेरीची नावं पाठवतात.

माझ्या मते सौदा वाईट नव्हता. पुढच्या निवडी म्हणजे पाण्यातली म्हैस, बाहेर येईल तेव्हा किती दूध देईल कोणास ठाऊक. पार्सन्स समोर दिसत होता. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी जुने ड्राफ्ट तपासून दाखवलंय की संघ वरच्या क्रमांकांना अवास्तव किंमत देतात, आणि एका जागेवरचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी घेतलेला सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त. नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं.

अंदाज बांधणाऱ्याला मात्र यात काम वाढतं. पहिली निवड दुसऱ्या फेरीत असेल तर तोवर पन्नासेक नावं गेलेली असतात. तिथे एक नाव लिहिणं म्हणजे लॉटरीचं तिकीट.

मग लिहायचं काय?

नाव नाही, वर्णन. मी प्रत्येक फेरीसाठी तीन गोष्टी लिहितो: जागा, शरीराचं माप आणि पाच-सहा नावांचं टोपलं. टोपल्यातलं कोणी आलं तर एक गुण, नेमकं नाव आलं तर तीन, जागा बरोबर आली तर अर्धा. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत धिप्पाड टॅकल लिहिला होता, आला अँथनी बेल्टन. नाव टोपल्यात नव्हतं. अर्धा गुण.

शेवटच्या फेऱ्यांचा अंदाज बांधण्यात अर्थ आहे?

गुणांसाठी नाही, मजेसाठी आहे. पॅकर्सना पहिले दोन सुपर बोल जिंकून देणारा बार्ट स्टार १९५६ मध्ये सतराव्या फेरीत, २०० वा निवडला गेला होता. तेव्हा फेऱ्याही तेवढ्या असायच्या. पॅकर्ससाठी सर्वाधिक यार्ड मिळवणारा रिसीव्हर डोनल्ड ड्रायव्हर १९९९ चा, सातव्या फेरीतला, २१३ वा. अशी नावं आधी ओळखता आली असती तर बाकीच्या संघांनी सोडली असती का?

इंटरनेटवरचे मॉक ड्राफ्ट सिम्युलेटर वापरावेत?

खुशाल वापरा. खेळाडूंची नावं पाठ होतात. पण कॉम्प्युटर उदार असतो. तो तुम्हाला एका चौथ्या फेरीच्या बदल्यात दहा जागा वर चढू देतो, असं दानशूर ऑफिस अमेरिकेत एकही नाही.

ड्राफ्ट कसा होता याचे गुण दुसऱ्या दिवशी देतात, त्यावर विश्वास ठेवायचा का?

अजिबात नाही. २०२० मध्ये पॅकर्सना मिळालेले गुण आठवा. लव्ह पहिल्यांदा नियमित खेळला तोवर तीन वर्षं गेली होती.

भारतात किती वाजता?

अमेरिकेत गुरुवारी संध्याकाळी सुरू होतो, आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. एकेका निवडीला काही मिनिटं मिळतात, त्यामुळे विशीतला क्रमांक यायला साडेआठ-नऊ वाजतात, म्हणजे नेमकी ऑफिसला निघायची वेळ. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला. पॅकर्सकडे पहिली फेरी नसेल त्या वर्षी शुक्रवारी निवांत झोपा आणि शनिवारचा गजर लावा.